दोन पास, तीन माणसं आणि दहा सेकंद

मॅडम,

तीन आठवड्यांनी आमचा पदवीप्रदान समारंभ आहे. नोंदणीची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते आणि मी अजून फॉर्म भरलेला नाही. प्रत्येकाला दोनच पास मिळतात. घरात माणसं तीन: आई, बाबा आणि ताई. ताईनं स्वतःचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून नोकरी धरली. माझी फी बहुतेक तिनंच भरली. आता म्हणते, “तुम्ही तिघं जा, मी फोटो बघीन.” शिवाय तो गाऊन आणि चौकोनी टोपी मला नाटकी वाटते. माझं नाव आजवर एकाही कार्यक्रमात कुणी धड उच्चारलेलं नाही. लांब कपड्यात पायऱ्या चढायच्या म्हटलं की पोटात गोळा येतो. यादीत माझा नंबर शेवटून तिसरा, म्हणजे तोवर सगळे कंटाळलेले असणार. पदवी काय, टपालानंही येते. मग मी गेलेच नाही तर बिघडलं कुठं?

– शेवटून तिसरी

प्रिय शेवटून तिसरी,

काही बिघडत नाही. बहुतेक विद्यापीठांत समारंभाला न जाता पदवी घेण्याची सोय असते. पण त्यासाठीही फॉर्म भरावा लागतो, आणि हे बऱ्याच मुलांच्या गावी नसतं. जायचं नाही म्हणून फॉर्मच भरत नाहीत. मग वर्षभरानं कुणीतरी मूळ प्रमाणपत्र मागतं आणि पळापळ सुरू होते. तेव्हा जायचं ठरो वा न जायचं ठरो, फॉर्म आजच भर. लायब्ररीचं, वसतिगृहाचं, प्रयोगशाळेचं काही देणं राहिलेलं नाही ना, तेही बघून घे. एका हरवलेल्या पुस्तकापायी यादीतून नाव गळालेली मुलं मी पाहिली आहेत.

पाहिली आहेत म्हणते, कारण चौदा वर्षं मी एका संस्थेच्या समारंभात मंचाच्या कोपऱ्यात उभी राहून नावं वाचायचे. माझं खरं काम शिकवण्याचं. हे काम गळ्यात पडलं ते आवाज मोठा म्हणून. त्या कोपऱ्यातून समारंभ फार वेगळा दिसतो. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला साधारण दहा सेकंद येतात. पाचशे मुलं असतील तर नुसत्या नावांनाच ८३ मिनिटं लागतात, म्हणून त्याहून जास्त कुणालाच देता येत नाहीत. मुलं महिनाभर काळजी करतात ती या दहा सेकंदांची. फजिती होते ती मात्र उरलेल्या पाच-सहा तासांत.

आधी ‘नाटकी’चं बघू. आहेच नाटकी, तुझ्याशी वाद नाही. मध्ययुगात पॅरिस, ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी शिकणारे-शिकवणारे बहुतेक चर्चशी बांधलेले असत. अंगात पायघोळ झगा आणि डोक्यावरून ओढून घ्यायचं टोपरं हा त्यांचा रोजचा वेष होता. दगडी इमारतींत शेकोटीची सोय नसे, तेव्हा तो उबेलाही बरा. बाकीच्या जगानं कपडे बदलले, विद्यापीठांनी बदलले नाहीत. त्या टोपऱ्याचं आज पाठीवर लोंबणारं रंगीत हूड झालंय. चौकोनी टोपीचं इंग्रजी नाव मॉर्टरबोर्ड, म्हणजे गवंडी हातात माल धरायला जी चौकोनी फळी घेतो ती. ज्यानं कुणी हे नाव पाडलं त्यालाही ती टोपी तुझ्याइतकीच गमतीची वाटली असणार.

आणि तुमच्याकडे निदान एवढ्यावरच भागतं. केंब्रिजमध्ये चार-चार विद्यार्थी आपल्या कॉलेजच्या अधिकाऱ्याच्या उजव्या हाताचं एकेक बोट धरून पुढे येतात, मग एकेकानं गुडघे टेकून हात जोडायचे आणि कुलगुरूंनी ते आपल्या हातांत घेऊन लॅटिनमध्ये पदवी बहाल करायची. एडिंबरामध्ये डोक्यावर एका जुन्या टोपीची टपली मारतात. ती टोपी एका धर्मसुधारकाच्या विजारीच्या कापडातून शिवलीय अशी आख्यायिका आहे, आणि खरं असो वा नसो, ती सांगताना तिथले लोक खूश असतात. फिनलंडमध्ये डॉक्टरेटवाल्यांना टोपीबरोबर तलवार मिळते आणि समारंभाआधी ती तलवार पाजळण्याचा वेगळा कार्यक्रम असतो. तेव्हा नाटक सगळीकडेच आहे. आपलं सोंग किती वेळाचं आहे हे ठाऊक असलं की ते वठवायला मजाही येते.

आता तुझा टपालाचा मुद्दा. त्यावर तुला एक जुनी हकिकत सांगायची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये मुली शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, पास होत होत्या. पदवी मात्र मिळत नव्हती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना आपल्या पदवीच्या बरोबरीची पदवी देण्याची जुनी रीत होती. १९०४ मध्ये ट्रिनिटीनं मुलींना दार उघडलं आणि या रीतीचा फायदा त्यांनाही मिळाला. १९०४ ते १९०७ या काळात सातशेहून अधिक बायका बोटीनं समुद्र ओलांडून डब्लिनला गेल्या, गाऊन घातला, पदवी घेतली आणि परत आल्या. लोकांनी त्यांचं नाव पाडलं ‘स्टीमबोट लेडीज’. त्यातल्या कित्येकींना शिक्षण संपवून वर्षं लोटली होती, काही जणी शाळांच्या मुख्याध्यापिका होत्या. अभ्यास झालेला, निकाल लागलेला, ज्ञान डोक्यात. तरी गेल्या. ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला १९२० साल उजाडलं, केंब्रिजनं १९४८. मी हे तुला लाजवायला सांगत नाही. ज्यांना समारंभ सहज मिळतो त्यांना तो टाळण्याचाही पूर्ण हक्क आहे. गर्दी सोसत नाही, तिकिटाचा खर्च परवडत नाही, त्या जागेच्या आठवणी चांगल्या नाहीत, अशी कारणं असती तर मी म्हटलं असतं, खुशाल घरी राहा.

पण तुझं कारण यातलं नाही. पत्रात तू पाच गोष्टी लिहिल्या आहेस. गाऊन, नाव, पायऱ्या, नंबर या चार तू नंतर गोळा केल्यास असं मला वाटतं. पहिली लिहिलीस ती ताई. समारंभच नसला तर दोन पास कुणाला द्यायचे हा प्रश्नही उरत नाही, अशी तुझी पळवाट आहे. माणूस म्हणून मला ती कळते. पण त्यानं ताईचं काय भलं होणार? तिला फोटोसुद्धा बघायला मिळणार नाहीत.

तर पास. फॉर्म भरलास की लगेच तिसऱ्या पासासाठी कार्यालयाला चार ओळींची मेल कर: नाव, नोंदणी क्रमांक, एक जादा पास हवा, परत आलेल्यांतला मिळाला तरी चालेल. ताईची कहाणी लिहू नकोस. तिथं बसलेल्या माणसापुढे अशा शंभर मेल असतात आणि कहाण्या वाचून त्याला नुसतं अपराधी वाटतं. दरवर्षी काही मुलं ऐनवेळी येत नाहीत, काहींच्या घरचं कुणी येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात पास परत येऊ लागतात. त्या आठवड्यात स्वतः जाऊन पुन्हा विचार. वर्गातही विचारून ठेव, मात्र पासावर नाव छापलेलं असतं का, तो दुसऱ्याला चालतो का, हे आधी बघ. काही ठिकाणी शेजारच्या सभागृहात पडद्यावर समारंभ दाखवतात आणि तिथं पास लागत नाही. तीही जागा वाईट नसते. माणसं तिथं मोकळेपणानं बोलतात, टाळ्या वाजवतात, लहान पोरं पळत असतात.

हे सगळं करूनही तिसरा पास मिळाला नाही तर? माझं मत विचारशील तर एक पास ताईचा. आई-बाबांपैकी कोण, ते त्यांनी ठरवावं.

पण त्याआधी एक काम आहे आणि ते पास मिळवण्यापेक्षा अवघड आहे. “मी फोटो बघीन” या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, मला यायचंय पण मी मागणार नाही. दोन, मला खरंच यायचं नाही. बाहेरून ऐकताना दोन्ही सारखीच वाटतात. ज्या मुलीनं दुसऱ्या वर्षाला वही मिटली, तिला दोन-अडीच तास बसून शेकडो मुलांना मंचावर जाताना बघणं आनंदाचंही असू शकतं आणि नकोसंही. कदाचित तिला त्या दिवशी सुट्टीच मिळत नसेल. आपण बसतो तिच्या मनात काय असेल याच्या कथा रचत.

तेव्हा आई-बाबा जवळ नसताना तिला एकदाच, सरळ विचार: “ताई, तुला यायचंय का?” “तू आलीच पाहिजेस” असं म्हणू नकोस. “तुझ्यामुळेच तर” असंही नको. आलीच पाहिजेस म्हटलं की नाही म्हणायची जागा उरत नाही, आणि तुझ्यामुळेच म्हटलं की ती लगेच विषय बदलेल. नुसतं विचार आणि गप्प राहा. तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला तर घेऊ दे.

हो म्हणाली, तर आई-बाबांना तू सांगायचं, तिनं नाही. ते तिच्यावर सोडलंस तर संध्याकाळपर्यंत ती पास परत करून मोकळी होईल, अशी माणसं मला ठाऊक आहेत. सांगताना हक्क, न्याय, त्याग असलं काही बोलू नकोस. “एक पास ताईला देतेय. दुसऱ्यावर तुमच्यापैकी कोण येतं ते तुम्ही बघा.” अर्धा दिवस घर जरा गप्प असेल. मग दोघांपैकी एक जण म्हणेल, मला तसंही एवढा वेळ बसवत नाही. बसवत असलं तरी म्हणेल.

नाही म्हणाली, तर विश्वास ठेव. कारण विचारू नकोस, दोन दिवसांनी पुन्हा विचारू नकोस, आईला मध्ये घालू नकोस.

आणि दोन्ही बाजूंनी एक पथ्य. हल्ली मुलं आपली टोपी घरच्यांच्या डोक्यावर ठेवून फोटो काढतात. छान दिसतो तो फोटो. पण जिचं शिक्षण अर्ध्यात सुटलं, तिच्या डोक्यावर न विचारता ती टोपी ठेवणं म्हणजे एक तर दिवसातला सगळ्यात गोड क्षण, नाही तर सगळ्यात बोचरा. कुठला, ते तुला आधी कळणार नाही. टोपी हातात दे, “धर जरा” म्हण. घालायची असेल तर ती घालेल, नसेल तर धरून उभी राहील. तसंच ‘ताईनं माझ्यासाठी शिक्षण सोडलं’ अशी पोस्ट तिला दाखवल्याशिवाय टाकू नकोस. ती गोष्ट तुझी असली तरी आधी तिची आहे. तिच्या ऑफिसातल्या लोकांनी ती तुझ्या पोस्टमधून वाचावी का, हे तिनं ठरवायचं.

ताईचं एवढं पुरे. आता सोपी कामं.

नावाबद्दल तू लिहिलंस ते वाचून मला माझं पाप आठवलं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी एका मुलीचं नाव असं काही वाचलं की ती मंचाच्या मधोमध थबकली आणि माझ्याकडे बघू लागली. रागानं नव्हे, आपल्यालाच बोलावलं का याची खात्री करायला. समारंभानंतर भेटली आणि म्हणाली, “आईला कळलंच नाही मी आले ते. ती माझ्या नावाची वाट बघत बसली होती.” पुढच्या वर्षापासून मी सुरुवातीच्या तासभर आधी पेन्सिल घेऊन मुलांच्या रांगेतून फिरायला लागले.

सगळेच नाव वाचणारे फिरत नाहीत, तेव्हा तू जा. कार्ड किंवा फॉर्मवर उच्चारासाठी जागा असेल तर वाचणाऱ्याला येत असलेल्या लिपीत, अक्षरं फोडून लिही. कुठल्या अक्षरावर जोर, ते अधोरेखित कर. देवनागरीत लिहिलं की झालं असं समजू नकोस. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतला ज कागदावर एकच दिसतो आणि तोंडात दोन वेगळे येतात. च आणि झ यांचंही तेच. नावात असं काही असेल तर शेजारी ओळखीचा शब्द लिही, ‘यातल्यासारखा’ म्हणून. समारंभाच्या अर्धा तास आधी वाचणारी व्यक्ती माईकजवळ कागद चाळत असतेच. तिच्यापाशी जा, नाव दोनदा म्हण आणि तिच्याकडून एकदा म्हणवून घे. आम्हाला याचा कधीच त्रास वाटत नाही. उलट शंभर अनोळखी नावांत एक तरी ओळखीचं झालं याचं हायसं वाटतं.

खुर्ची मात्र बदलू नकोस. एका वर्षी दोन मैत्रिणींनी शेजारी बसायचं म्हणून तिसरीला पुढे सरकवलं. माझ्या हातात यादी, ती क्रमानं. तिघींनी एकमेकींच्या नावानं पदव्या घेतल्या, तिघींचे फोटो चुकीच्या नावानं लागले. शेजारची खुर्ची रिकामी दिसली तरी आपणहून सरकू नकोस, उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला विचार.

कपड्यांबाबत लोक चुकीच्या गोष्टीची काळजी करतात. आत काय घातलंय ते मानेपाशी आणि घोट्यापाशी सोडून कुणाला दिसत नाही. त्रास देतं ते हूड. त्याच्या पुढच्या टोकाला बहुधा छोटा बंद असतो. तो शर्टाच्या बटणात अडकवायचा असतो, कारण ही सगळी रचना बटणवाला शर्ट गृहीत धरून झाली आहे. बटण नसलं की हूड पाठीवर घसरत जातं आणि पुढचा भाग गळ्याला काचतो. निम्म्या मुली दिवसभर एका हातानं गळा सोडवत असतात. आतून सेफ्टी पिन लाव, काम संपलं. टोपी कपाळावर सपाट, भुवयांच्या दोन बोटं वर. मागं कललेली टोपी फोटोत ताटलीसारखी दिसते. केस वर बांधलेस तर ती बसणार नाही, खाली बांध. गोंडा कुठल्या बाजूला, ते तुमच्या सूचनापत्रात वाच. अमेरिकेत पदवी मिळेपर्यंत उजवीकडे आणि मिळाली की डावीकडे अशी पद्धत आहे, पण ती सगळीकडची नाही.

गाऊन आदल्या दिवशी मिळाला तर अंघोळ झाल्यावर वाफेनं भरलेल्या न्हाणीघरात टांगून ठेव, घड्या उतरतात. कडक इस्त्री फिरवू नकोस, भाड्याचे बहुतेक गाऊन पॉलिएस्टरचे असतात आणि त्यावर चकाकणारा डाग पडला की अनामत रक्कम गेली. खिसे नसतात. म्हणून फोन, किल्ली, औषध आधीच घरच्यांकडे दे. आणि टोप्या हवेत उडवायचा बेत असेल तर एवढं ध्यानात घे की ती टोपी भाड्याची आहे आणि तिचे कोपरे कठीण असतात. ही प्रथा अमेरिकेच्या नौदल अकादमीतली, १९१२ सालची. त्या मुलांना त्याच दिवशी अधिकाऱ्याच्या नव्या टोप्या मिळणार होत्या, जुन्यांची गरजच उरली नव्हती. तुझं तसं नाही.

पायऱ्या. बूट-चपला नव्या असतील तर घरात तीन-चार संध्याकाळी घालून फिर, आणि गाऊनची लांबी त्याच पायताणावर मोज. चढताना डाव्या हातानं गाऊनचा पुढचा घोळ मुठीत धरून थोडा वर घे, उतरतानाही. बाकी काही तंत्र नाही. समारंभाआधी मंचापाशी जाऊन पायऱ्या मोजून ये. आकडा माहीत असला की पाय शोधत बसत नाहीत. पायऱ्या कुणाला जमणारच नसतील तर उताराची सोय मागता येते, ती आधी कळवायची. चौदा वर्षांत मी तिघांना पडताना पाहिलं. तिघांनाही त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या मिळाल्या आणि एकानं तर उठून वाकून नमस्कार केला.

नाव पूर्ण वाचून होईपर्यंत जागेवरून हलू नकोस. घाईनं निघालीस तर तुझ्या नावाला तुझी पाठ दिसते. मधोमध गेल्यावर बहुतेक ठिकाणी डाव्या हातानं फोल्डर आणि उजव्यानं हस्तांदोलन. घरी एखादी वही घेऊन कुणाबरोबर तरी चारदा करून बघ, कारण ऐनवेळी दोन्ही हात एकदमच पुढे जातात. फोटोवाला याच क्षणाला टिपतो, तेव्हा त्याच्याकडे एकदा बघ. मंचावर मिळालेलं फोल्डर पुष्कळदा रिकामं असतं, ते उघडून दचकू नकोस. खरा कागद खिडकीवर किंवा टपालानं मिळतो.

तुझ्या नंबराचं मला वाईट वाटत नाही. हॉल मध्यावर कंटाळतो, शेवटी नाही. शेवटची दहा-पंधरा नावं आली की सगळ्यांना सुटकेचा वास येतो आणि टाळ्या वाढतात. माईकपाशी उभं राहून मला तो आवाज दरवर्षी कळायचा. अडचण एवढीच की तुला बराच वेळ बसायचंय. पोटात काहीतरी घालून ये, पाणी बेतानं पी, आणि रांग लागायच्या आधी स्वच्छतागृहात जाऊन ये, गरज वाटत नसली तरी. मधून उठलीस तर रांग चुकते.

घरच्यांना तीन गोष्टी लिहून दे. तू मंचावर कुठल्या बाजूनं चढणार, तुझ्या आधी कुणाचं नाव येणार, आणि संपल्यावर कुठं भेटायचं. बाहेर पडल्यावर हजार माणसं एकदम फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही, म्हणून जागा आधी ठरव आणि ‘गेटपाशी’ असं मोघम ठरवू नकोस, सगळे गेटपाशीच असतात. दोघांपैकी एकानंच शूटिंग करावं. दुसऱ्यानं नुसतं बघावं. ताई आली तर फोन तिच्या हातात देऊ नकोस, तिला बघू दे.

तिघांबरोबरचे फोटो समारंभ सुरू व्हायच्या आधीच उरक. बाहेर पास लागत नाही, त्यामुळे ज्याला आत जाता येणार नाही तोही तेव्हा तुझ्याबरोबर गाऊनमध्ये उभा राहू शकतो. नंतर घाम, गर्दी आणि गाऊन परत करायची रांग. ज्या शिक्षकांना भेटायचंय त्यांना आदल्या आठवड्यातच गाठ. त्या दिवशी ते मिरवणुकीच्या पहिल्या रांगेत अडकलेले असतात आणि त्यांच्याही गळ्याला हूड काचत असतं.

प्रमाणपत्र हातात आलं की खिडकीपासून हलायच्या आधी वाच. नावाचं स्पेलिंग, विषय, श्रेणी, तारीख. तिथल्या तिथं चूक दाखवली तर काम सोपं, वर्षभरानं दाखवली तर अर्ज, शुल्क, खेटे. स्कॅन करून ठेव. लॅमिनेट मात्र करू नकोस, पुढे कुठं पडताळणी करायची, शिक्का मारून घ्यायचा तर मूळ कागद उघडा लागतो. आणि त्याचा क्रमांक दिसेल असा फोटो कुठं टाकू नकोस, खोटी प्रमाणपत्रं बनवणाऱ्यांना तेवढंच हवं असतं.

तुझं पत्र येऊन दोन दिवस झालेत, म्हणजे शुक्रवार जवळ आलाय. हे वाचून झालं की आधी फॉर्म, मग मेल, मग ताई.

ता. क. – सेफ्टी पिना चार घेऊन जा. हूडला दोन, आणि एक वेळेला हवी म्हणून. चौथी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या ‘शेवटून दुसरी’साठी. ती नक्की विसरलेली असेल.